निरोगी डुकरांच्या रक्त गोठण्याचे आकडे जुळत नाहीत? तपासणी सुईपासून सुरू करा

प्रयोगाआधी निरोगी डुकरांचं बेसलाइन रक्त, म्हणजे पुढच्या तुलनेसाठीचा पहिला नमुना, घेतलं जातं. त्यावर पीटी आणि एपीटीटी (प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, गोठायला किती सेकंद लागतात ते दोन वेगळ्या मार्गांनी मोजणाऱ्या चाचण्या), फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) आणि प्लेटलेट मोजतात, सोय असेल तर टीईजी किंवा रोटेमही (गुठळी बनताना तिची मजबुती आलेखात दाखवणारी यंत्रं) लावतात. आणि मग फोन येतो: "डुकरं ठणठणीत आहेत, खातायत-पितायत, पण आकडे काही केल्या जुळत नाहीत." गेल्या कित्येक वर्षांत हा एकच बिघाड मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोनवरच पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. ट्यूब कुठपर्यंत भरली होती? रक्त कुठून घेतलं? सुई कितव्या प्रयत्नाला लागली?

लोक आधी यंत्र उघडतात, मग रीएजंट (चाचणीचं रसायन) बदलतात आणि शेवटी डुकरावर संशय घेतात. माझा अनुभव याच्या अगदी उलटा आहे. बहुतेक वेळा घोळ सुई कातडीत शिरल्यापासून ट्यूब उलटवून मिसळेपर्यंतच्या मिनिटभरात झालेला असतो. हे आधी तपासायला पैसे लागत नाहीत. शिवाय वाया गेलेल्या प्रत्येक ट्यूबमागे एका जनावराला पुन्हा टोचावं लागतं, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी लिहून काढा. पुढे बराच वेळ वाचतो.

- एकाच डुकराच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन ट्यूबांचा एपीटीटी एकमेकांशी जुळत नाही.
- पीटी जवळपास ठीक, पण एपीटीटी भलताच लांब, किंवा यंत्र म्हणतं "गुठळी झालीच नाही".
- पीटी, एपीटीटी सगळंच थोडं थोडं लांब, आणि तेही काहीच डुकरांत.
- एपीटीटी फारच कमी, टीईजीचा आर-टाइम (गुठळी सुरू व्हायला लागणारा वेळ) नेहमीपेक्षा खूप आखूड.
- डुक्कर धडधाकट, पण प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन दोन्ही पडलेले.
- प्लाझ्मा गुलाबी किंवा दुधाळ.
- सकाळच्या आणि दुपारच्या डुकरांचे जणू दोन वेगळे कळप.
- रीएजंटचा लॉट बदलला आणि सगळा गट एका बाजूला सरकला.

मुळात हा बिघाड आहे का?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. रिपोर्टवर जी "नॉर्मल रेंज" छापलेली असते ती माणसाची असते. डुकराचं रक्त माणसापेक्षा लवकर आणि घट्ट गोठतं. त्याच्या प्लाझ्मात फॅक्टर आठची (गोठवणाऱ्या प्रथिनांना असे क्रमांक असतात) क्रिया माणसाच्या कितीतरी पट असते, फॅक्टर पाचही जास्त असतो आणि प्लेटलेटची संख्याही चढी असते. त्यामुळे पीटी माणसाच्या जवळपास आला तरी एपीटीटी बहुतेक रीएजंटांवर माणसाच्या खाली जातो. टीईजीवर आर आखूड आणि एमए (गुठळीची कमाल मजबुती) रुंद दिसतो. हा रोग नाही, हे डुकराचं नेहमीचं रक्त आहे.

याच कारणाने डुकराचा आयएनआर (पीटीवरून काढलेलं प्रमाणित गुणोत्तर) लिहू नका. आयएनआर काढताना वापरला जाणारा आयएसआय हा आकडा माणसाच्या प्लाझ्मावर ठरवलेला असतो. डुकरासाठी सेकंद लिहा. तुलना हवीच असेल तर आपल्याच कळपातल्या निरोगी डुकरांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्माशी गुणोत्तर काढा. हा पूल 20 जनावरांचा असेल तर उत्तम. छोटे भाग करून उणे 70 अंश किंवा त्याखाली ठेवून द्या. पुढच्या प्रत्येक शंकेला हाच पूल उपयोगी पडतो. ज्या प्रयोगशाळेत तो नाही तिथे मी आधी तोच करायला सांगतो.

माणसासाठीच्या अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्यांचंही तसंच. डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा. माणसाचं डी-डायमर किट डुकराचा तुकडा ओळखेलच असं नाही. त्या किटवर "निगेटिव्ह" आलं म्हणजे डुकरात डी-डायमर नाही, असा अर्थ काढू नका.

ट्यूब हातात घ्या

आकडे बाजूला ठेवा आणि फ्रिजमधून किंवा रॅकमधून ती ट्यूबच काढा. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असतं, ते कॅल्शियम पकडून रक्त गोठू देत नाही. प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग. 2.7 मिलिलिटर रक्ताच्या ट्यूबमध्ये 0.3 मिलिलिटर. आता समजा शीर आटली आणि 1.8 मिलिलिटरच रक्त आलं. सायट्रेट तेवढंच, रक्त मात्र कमी, म्हणजे प्रमाण सहास एक झालं. डुकराचा हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) 35 टक्के धरला तर भरलेल्या ट्यूबमध्ये एक भाग सायट्रेटला जवळपास सहा भाग प्लाझ्मा मिळतो, अर्धवट भरलेल्या ट्यूबमध्ये चारच्याही खाली. जादा सायट्रेट प्लाझ्मात उरतं, चाचणीच्या वेळी घातलेलं कॅल्शियम तेच पकडून ठेवतं आणि गुठळी उशिरा होते. "काहीच डुकरांत सगळं थोडं थोडं लांब" या लक्षणाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. 90 टक्क्यांच्या खाली भरलेली ट्यूब गोठण्याच्या चाचणीला धरूच नका. दोन अर्धवट ट्यूबा एकात ओतणं तर अजिबात नको, त्यात सायट्रेट दुप्पट होतं.

टोपणावरची मुदतही बघा. जुन्या ट्यूबचा व्हॅक्यूम उतरलेला असतो, मग सगळं नीट करूनही रक्त खुणेपर्यंत येत नाही.

मग गुठळी शोधा. लाकडाची बारीक काडी घ्या, ट्यूबच्या तळापर्यंत न्या, भिंतीला टेकवून हळू फिरवत वर आणा. काडीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा काळपट कण चिकटला, किंवा काडी वर उचलताना रक्ताचा लवचिक धागा ताणला गेला आणि मग तुटला, की ती ट्यूब संपली. एवढ्याशा गुठळीनेही फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट खाल्लेले असतात आणि उरलेल्या रक्तात थ्रॉम्बिन (गुठळी घडवणारं एन्झाइम) मोकळं सुटलेलं असतं. म्हणून अशा ट्यूबचा एपीटीटी कधी फार आखूड येतो, कधी फार लांब. दोन्ही खोटे. हे सेंट्रिफ्यूजच्या आधी करायचं काम आहे, कारण फिरवल्यावर ती गुठळी लाल पेशींच्या थरात दडते आणि वरचा प्लाझ्मा अगदी निर्मळ दिसतो. एका प्रयोगशाळेत तीन आठवडे एका डुकराला "फायब्रिनोजेनची जन्मजात कमतरता" समजत होते. मी चौथ्या ट्यूबमध्ये काडी फिरवली आणि गुठळी वर आली. त्या मादीला उगाच तीन वेळा टोचलं गेलं होतं.

सोबतच्या ईडीटीए ट्यूबच्या (पेशी मोजण्यासाठीच्या, कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाच्या ट्यूबच्या) रक्ताची एक स्लाइडही बघा. पसरलेल्या रक्ताच्या पिसासारख्या कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसले तर यंत्राने मोजलेली प्लेटलेटची संख्या खरी नाही.

रक्त काढलं कसं, ते विचारा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गोम इथेच असते.

डुकराच्या पायाला किंवा मानेला वरून सहज दिसणारी शीर नसते. कानाच्या कडेची शीर दिसते, पण ती बारीक असते आणि व्हॅक्यूम लागला की मिटते. म्हणून बहुतेक जण छातीच्या वरच्या टोकाशी असलेल्या महाशिरेतून किंवा मानेच्या आतल्या जुगुलर शिरेतून रक्त घेतात, तेही आंधळेपणी, हाताच्या अंदाजाने. सुईला कातडी, चरबी, स्नायू असे थर ओलांडावे लागतात. त्या ऊतींमध्ये टिश्यू फॅक्टर भरपूर असतं आणि रक्त गोठायला सुरुवात करून देण्याचं काम तेच करतं. सुई आत फिरवत शीर शोधली की ते टिश्यू फॅक्टर सुईच्या नळीत भरतं आणि थेट तुमच्या निळ्या ट्यूबमध्ये उतरतं.

म्हणून पहिले दोन-तीन मिलिलिटर रक्त गोठण्याच्या चाचणीत कधीच घेऊ नका. ते दुसऱ्या साध्या ट्यूबमध्ये जाऊ द्या. त्या ट्यूबमध्ये गोठवणारा अॅक्टिव्हेटर किंवा ईडीटीए नको. मग निळी ट्यूब, त्यानंतर सीरमची, आणि ईडीटीएची सगळ्यात शेवटी. ईडीटीएचा अंश निळ्या ट्यूबमध्ये आला तर तोही कॅल्शियम पकडतो आणि वेळ लांबवतो.

सुई 21 गेजपेक्षा बारीक नको. सुई बारीक असली की लाल पेशी फुटतात, प्लाझ्मा गुलाबी होतो आणि फुटलेल्या पेशींच्या तुकड्यांवर गोठण्याची क्रिया वेग घेते. सिरिंजने काढत असाल तर दट्ट्या हळू ओढा. सिरिंज भरली की सुई काढा, टोपण उघडा आणि भिंतीवरून रक्त सोडा. सुईसकट टोपणातून जोराने ढकलू नका. भरलेली सिरिंज हातात धरून डुकराला सावरत बसलात, तर सायट्रेटला भेटण्याआधीच सिरिंजमध्ये गोठणं सुरू झालेलं असतं. माझा नियम एक मिनिटाचा आहे. एक जण जनावर धरतो, दुसरा फक्त ट्यूब सांभाळतो.

मिसळणं म्हणजे ट्यूब तीन ते सहा वेळा सावकाश पूर्ण उलटवणं. हलवायची नाही, खळखळवायची नाही. फेस दिसला तर प्लेटलेट जाग्या झाल्या असं समजा. आणि मिसळलीच नाही तर तळाशी सायट्रेट आणि वर गोठणारं रक्त.

दुसऱ्या प्रयत्नाला शीर सापडली नाही तर बाजू बदला किंवा डुकराला विश्रांती द्या. शक्यतो उजवी बाजू धरतात, कारण डाव्या बाजूला हृदय आणि श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना धोका जास्त. तीनदा टोचून मिळवलेलं रक्त मी गोठण्याच्या बेसलाइनला धरत नाही, मग आकडा कितीही चांगला येवो. आकडा बघायच्या आधीच हे वहीत लिहून ठेवतो, म्हणजे सोयीचं तेवढं ठेवण्याचा मोह होत नाही.

कॅथेटर असेल तर हेपॅरिनचा संशय आधी

पीटी ठीक, एपीटीटी भलताच लांब आणि रक्त कॅथेटरमधून घेतलेलं, हे तीन एकत्र आले की नव्वद टक्के लढाई जिंकली म्हणून समजा. कॅथेटर (शिरेत ठेवलेली नळी) चालू राहावा म्हणून त्यात हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं, पाणी भरून ठेवतात आणि त्याचे थेंब ट्यूबमध्ये येतात. पीटीच्या अनेक रीएजंटांमध्ये हेपॅरिन निष्प्रभ करणारा घटक मिसळलेला असतो, म्हणून पीटी शांत दिसतो. एपीटीटीत तो नसतो.

पडताळणी सोपी आहे. थ्रॉम्बिन टाइम (थ्रॉम्बिन घालून गुठळीची वेळ मोजणं) लावा, हेपॅरिन असेल तर तो फार लांब येईल. टीईजी असेल तर एकच रक्त साध्या आणि हेपॅरिनेजच्या (हेपॅरिन तोडणाऱ्या एन्झाइमच्या) कपात शेजारी शेजारी लावा. हेपॅरिनेजच्या कपात आर एकदम आखूड झाला की गुन्हेगार सापडला.

उपाय म्हणजे कॅथेटर आधी सलाइनने धुणं आणि मग त्याच्या पोकळीच्या सहापट किंवा किमान 5 मिलिलिटर रक्त टाकून देणं. सलाइनही उरलं तर रक्त पातळ होतं आणि सगळे घटक थोडे थोडे कमी दिसतात. पिल्लांच्या बाबतीत हे टाकून दिलेलं रक्त हिशेबात धरा. डुकराच्या शरीरात किलोमागे साधारण 65 मिलिलिटर रक्त असतं. 10 किलोच्या पिल्लात 650 मिलिलिटर, आणि एका वेळी त्याच्या 10 टक्क्यांवर, म्हणजे 65 मिलिलिटरवर, जायचं नाही. प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीत मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची.

डुक्कर घाबरलं होतं का?

नाकाला दोर लावून आवळलेलं, किंचाळणारं डुक्कर आणि झोपेच्या औषधाखाली शांत पडलेलं डुक्कर, या दोघांचं रक्त सारखं नसतं. भीतीने अॅड्रेनलिन वाढतं. त्याने फॅक्टर आठ वाढतो आणि एपीटीटी आखडतो. प्लीहा आवळली जाते आणि साठवलेल्या लाल पेशी व प्लेटलेट रक्तात येतात. म्हणून हिमॅटोक्रिट नेहमी सोबत लिहा. एका डुकराचा हिमॅटोक्रिट त्याच्याच आधीच्या आकड्यापेक्षा बराच वर असेल आणि एपीटीटी आखूड, तर त्या दिवशी काय गोंधळ झाला ते गोठ्यातल्या माणसाला विचारा. सकाळ आणि दुपारचा फरक मला बऱ्याचदा इथेच सापडलाय. सकाळची डुकरं शांत असतात. दुपारच्यांनी सकाळभर इतरांचं ओरडणं ऐकलेलं असतं.

नवीन आणलेल्या जनावरांना निदान एक आठवडा स्थिरावू द्या, माणसांच्या हाताची सवय होऊ द्या. यात जनावराचं भलं आहे आणि आकड्यांचंही. झोपेचं औषध वापरायचं ठरवलंत तर सगळ्यांना तेच, तेवढंच, आणि औषधानंतर तितक्याच मिनिटांनी रक्त. प्रोपोफोल तेलकट इमल्शनमधून येतं आणि त्याने प्लाझ्मा दुधाळ होऊ शकतो. नुकत्याच खाल्लेल्या डुकराचंही तसंच होतं. प्रकाशाने गुठळी ओळखणाऱ्या यंत्राला असा प्लाझ्मा वाचता येत नाही. रात्रभर चारा बंद ठेवा, पाणी मात्र चालू राहू द्या.

"निरोगी" या शब्दावरही थोडं थांबा. फायब्रिनोजेन शरीरात दाह (सूज, संसर्ग) असला की वाढतं. वरून धडधाकट दिसणाऱ्या डुकराच्या फुप्फुसात जुना न्यूमोनिया असेल तर फायब्रिनोजेन चढं आणि एमए रुंद येतो. एमए रुंद असलेल्या डुकरांचे खोकल्याचे, तापाचे रेकॉर्ड काढून बघा.

वाटेत आणि सेंट्रिफ्यूजमध्ये काय झालं

गोठण्याचं रक्त बर्फात ठेवू नका. "थंड म्हणजे सुरक्षित" हा समज इथे चुकतो. थंडीने प्लेटलेट जाग्या होतात आणि फॅक्टर सातही. 18 ते 24 अंशांत ट्यूब उभी ठेवा. एपीटीटी चार तासांत झालाच पाहिजे.

प्लाझ्मा गोठवून ठेवणार असाल तर 1500 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 1500 पट) 15 मिनिटं, वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या नळीत, आणि पुन्हा एकदा तेवढंच. पिपेट लाल पेशींच्या थराच्या अर्धा सेंटिमीटर वर थांबवा. प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या तर गोठवताना त्या फुटतात, त्यांच्या आतलं फॉस्फोलिपिड मोकळं होतं आणि एपीटीटी बदलतो. ताज्या प्लाझ्माचा आकडा एक आणि गोठवलेल्याचा दुसरा असं झालं तर दुसरी फेरी वगळली गेली होती का, ते विचारा.

वितळवणं 37 अंशांच्या पाण्यात, पाच ते दहा मिनिटं, मग हळूच उलटवून मिसळा. फ्रिजमध्ये किंवा टेबलावर सावकाश वितळवलं तर तळाशी पांढरट साका बसतो. त्यात फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर असतो. वरचा प्लाझ्मा उचललात तर हे तिन्ही "कमी" दिसणार. नळीचा तळ उजेडासमोर धरून बघा. पुन्हा गोठवून पुन्हा वापरायचं नाही.

रीएजंट

इथून पुढे पैसे लागायला लागतात. लॉट बदलल्यावर सगळा गट सरकला असेल तर जुन्या आणि नव्या लॉटवर तोच डुकरांचा पूल चालवा. माणसाचे कंट्रोल (ज्यांचा आकडा आधीच ठरलेला असतो ते नमुने) बरोबर आले म्हणून डुकराचे आकडे सुरक्षित, असं होत नाही. पीटीचं रीएजंट असलेलं थ्रॉम्बोप्लास्टिन सशाच्या मेंदूचं आहे की माणसाचं रिकॉम्बिनंट, एपीटीटीचा अॅक्टिव्हेटर केओलिन आहे, सिलिका आहे की एलॅजिक आम्ल, यावर डुकराचे सेकंद बदलतात. एका अभ्यासाच्या मध्यावर रीएजंट बदलू नका. बदलावंच लागलं तर बेसलाइन नव्याने करा. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या लेखातला आकडा तुमच्याशी जुळला नाही तर आधी त्यांचं रीएजंट कोणतं ते शोधा.

कॅल्शियम क्लोराइडची बाटली उघडी राहिली का, रीएजंट विरघळवायला कोणतं पाणी घेतलं, विरघळवल्यानंतर पुरेशी मिनिटं ठेवलं का, एवढं बघा.

यंत्र

एपीटीटी फार आखूड येतोय आणि वरचं सगळं तपासून झालंय, तर यंत्र मोजायला कितव्या सेकंदाला सुरुवात करतं ते बघा. माणसाच्या रक्तासाठी बसवलेल्या काही पद्धतींमध्ये पहिले काही सेकंद वाचलेच जात नाहीत. डुकराची गुठळी त्या आधीच होऊ लागली तर यंत्र चुकीची कडा पकडतं. आकडा बाजूला ठेवून गुठळीचा आलेख उघडा, सुरुवातीची सपाट रेघच नसेल तर कारण हेच. गुलाबी किंवा दुधाळ प्लाझ्मा असेल तर धातूच्या छोट्या गोळीच्या हालचालीवरून गुठळी ओळखणाऱ्या यंत्रावर तोच नमुना लावून बघा.

टीईजी आणि रोटेमला आणखी शिस्त लागते. सायट्रेटचं रक्त सगळ्या डुकरांत सारखाच वेळ विसावू द्या, आमच्याकडे 30 मिनिटं, आणि दोन तासांच्या आत लावा. रक्त जितकं पडून राहतं तितका आर बदलतो, मग पहिल्या आणि सहाव्या डुकराची तुलना म्हणजे निव्वळ घड्याळाची तुलना ठरते. टीईजीच्या कपात 20 मायक्रोलिटर कॅल्शियम क्लोराइड आणि 340 मायक्रोलिटर रक्त. पिपेटचं टोक नीट बसलं नसेल तर एवढ्याशा मापात मोठी चूक होते. रोज सकाळी यंत्राची पातळी, ई-टेस्ट (यंत्राची इलेक्ट्रॉनिक तपासणी) आणि कंट्रोल.

एकदा एमएची रेघ मधेच कातरल्यासारखी दिसत होती, दिवसातून दोन-तीनदाच. आम्ही कप बदलले, पिन बदलल्या, रीएजंट बदललं. शेवटी वेळा लिहून काढल्या, तर त्या बरोबर त्याच टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजच्या वेळांशी जुळल्या. सेंट्रिफ्यूज खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि रेघ सरळ झाली.

तापमानाचा प्रश्न हमखास येतो. डुकराचं अंग 38 ते 39.5 अंश असतं आणि यंत्र 37 वर चालतं. काही जण यंत्र 39 वर लावतात. दोन्ही चालेल, पण एकच ठरवा, लिहून ठेवा आणि दोन्हींचे आकडे एकत्र करू नका. थंड पडलेल्या डुकराचं रक्तही यंत्रात 37 अंशांपर्यंत गरम होतं, म्हणून थंडीने बिघडलेलं गोठणं या चाचण्यांत दिसत नाही.

आकडे खरे आहेत, पण किती डुकरांचे?

सहा डुकरांवरून "नॉर्मल रेंज" काढू नका. पशुवैद्यकीय क्लिनिकल पॅथॉलॉजीच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे 120 जनावरं असली तर उत्तम, निदान 40 असली तरी ठीक, 20 ते 40 मध्ये कमी विश्वासाने, आणि 20 च्या खाली रेंज काढायचीच नाही, प्रत्येक जनावराचा आकडा द्यायचा. लहान पिल्लं आणि मोठी डुकरं वेगळी ठेवा, जातही लिहा. कमी जनावरं असतील तर प्रत्येक डुक्कर स्वतःच स्वतःचा आधार: त्याचीच बेसलाइन आणि त्याचेच नंतरचे आकडे. जनावरांची संख्या ठरवताना संख्याशास्त्रज्ञाला आधी बोलवा, शेवटी नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टोचल्यावर डुक्कर धापा टाकू लागलं, मान फुगली, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर लगेच पशुवैद्य. महाशिरेतून छातीत होणारा रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. टोचलेल्या जागेवर दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तरीही तेच.

कातडीवर किंवा कानांवर लाल-जांभळे ठिपके, ताप, चारा सोडलेली दोन-तीन डुकरं आणि खरोखर कमी प्लेटलेट, असं एकत्र दिसलं तर नमुने घेणं थांबवा. त्या गोठ्यातून जनावरं, कपडे, बूट काहीही बाहेर जाऊ देऊ नका. क्लासिकल आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर अशीच सुरू होऊ शकतात. त्याची माहिती पशुआरोग्य अधिकाऱ्यांना देणं बंधनकारक असतं आणि तो निर्णय प्रयोगशाळेचा नाही.

एकाच कुंपणातल्या अनेक डुकरांचा पीटी आधी लांबला आणि ट्यूबा निर्दोष असतील, तर उंदीर मारण्याचं औषध किंवा बुरशी लागलेला चारा असा संशय घ्या. व्हिटॅमिन के वर चालणाऱ्या घटकांत फॅक्टर सात सगळ्यात आधी संपतो, म्हणून पीटी आधी हलतो. चाऱ्याचा नमुना राखून ठेवा आणि पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा.

एकाच डुकराचा एपीटीटी दोनदा, नीट घेतलेल्या रक्तात, लांब आला तर त्याचा प्लाझ्मा डुकरांच्या पूलमध्ये निम्मा निम्मा मिसळून पुन्हा लावा. वेळ सुधारली तर कमतरता, नाही सुधारली तर हेपॅरिन किंवा अवरोधक. इथून पुढे पशुवैद्यकीय कोअॅग्युलेशन प्रयोगशाळेचं काम. जन्मजात दोष डुकरांत असतात. व्हॉन विलेब्रँड रोगाचा (प्लेटलेट चिकटवणाऱ्या प्रथिनाच्या जन्मजात कमतरतेचा) कळप 1941 सालीच अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात नोंदवला गेला होता. पण तिसऱ्यांदा टोचण्याआधी प्राणी नैतिकता समितीला विचारा, परवानगीत जितकं लिहिलंय तितकंच.

यंत्राची प्रकाशयोजना, तापमानाचं कॅलिब्रेशन आणि आतला पिपेट यांना आपण हात लावायचा नाही. पूल आणि कंट्रोल दोन्ही एकाच दिशेने सरकले आणि नव्या रीएजंटनेही परत आले नाहीत, तर सेवा अभियंत्याला बोलवा.

कोणालाही बोलावण्याआधी एवढं हाताशी ठेवा: डुकराचा क्रमांक, वजन, रक्त घेतल्याची वेळ, जागा, सुई किती वेळा घातली, औषध, ट्यूब किती भरली, कधी फिरवली, रीएजंटचा लॉट आणि त्या दिवसाचा कंट्रोल. उरलेल्या प्लाझ्माचा एक भाग नाव लिहून गोठवलेला ठेवा, आणि संशयित ट्यूब टाकून देऊ नका. काडी फिरवून बघायला ती लागते.